बी किंवा बीसारखी कोणतीही वस्तू

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत तिचं टेबल होतं आणि त्या टेबलाला सगळी संस्था 'विवाह मंडळ' म्हणायची. वरच्या मजल्यांवर शास्त्रज्ञ मंडळी शोध लावायची. कुणी किडीला चकवणारा सापळा केलेला, कुणी कमी पाण्यावर तग धरणारं वाण काढलेलं, कुणी फळं टिकावीत म्हणून त्यांच्यावर द्यायचा पातळ लेप शोधलेला. शोध पुरा झाला, पेटंट मिळालं, की तो खाली तिच्याकडे यायचा. त्याच्याबद्दल पानभर मजकूर लिहायचा, एक बरासा फोटो जोडायचा आणि संस्थेच्या 'परवान्यासाठी उपलब्ध' या यादीत तो घालायचा, हे तिचं काम. मग एखादी कंपनी चौकशी करायची, बोलणी व्हायची आणि जमलं तर शोध आपल्या घरी जायचा. नाही जमलं तर यादीत बसून राहायचा.

"काय हो, माझ्या सापळ्याला स्थळ आलं का?" कीटकशास्त्रज्ञ जिना उतरता उतरता विचारायचे.

"एक आलं होतं, पण त्यांना रंग पसंत नाही पडला."

"मग रंग बदलू की! मुलगी काही बोलणार नाही."

असं चालायचं. पण यादीतल्या एका शोधाची थट्टा मात्र तिच्यासमोर कुणी करत नसे, कारण तो तिच्या सासऱ्यांचा होता.

सासरे याच संस्थेत यंत्रशाळेचे प्रमुख होते. निवृत्त होताना त्यांनी एक यंत्र पुरं केलं होतं. दिसायला अगदी साधं. मखमलीत गुंडाळलेले दोन लांब रूळ, एकमेकांना चिकटून, उतरते ठेवलेले. हँडल फिरवलं की दोन्ही रूळ बाहेरच्या बाजूला फिरायचे. वरून वाटाण्याचं बी सोडलं, की धड, गुळगुळीत दाणा दोन रुळांमधल्या घळीतून सरळ खाली घसरत जायचा. पण ज्या दाण्याला चीर गेली आहे, ज्याचा टवका उडाला आहे, त्याची कड मखमलीत अडकायची, आणि मखमल त्याला हलकेच उचलून बाजूच्या पन्हळीत टाकायची. असे रूळ पूर्वीही कुणी कुणी केले होते, पण ते अवजड असत आणि कापड झिजलं की सगळं यंत्र उघडावं लागे. सासऱ्यांच्या रुळांची मखमल उशीच्या अभ्र्यासारखी काढता-घालता यायची, आणि उतार एका स्क्रूवर कमी-जास्त व्हायचा. चिरलेलं बी जमिनीत कुजतं, उगवत नाही. ते आधीच बाजूला पडलं तर पेरणाऱ्याचा तोटा टळतो. एवढाच त्यांचा हेतू होता.

पक्कं यंत्र संस्थेच्या दालनात होतं. पण त्याआधी केलेला लाकडी नमुना घरी, खिडकीशी ठेवलेला असायचा. आंघोळ झाली, की चहाच्याही आधी सासरे मऊ ब्रश घेऊन त्याची मखमल एका दिशेने विंचरायचे. कणकण असो, पाहुणे असोत, हा नेम कधी चुकला नाही. तिला त्यात काही वेडेपणा वाटत नसे. कशावर तरी रोज हात फिरवावा आणि त्याच्याकडून काही मागू नये, ही गोष्ट तिला मनापासून पटायची.

सासूबाईंना मात्र पटायची नाही.

"माझ्या केसांवरून एवढा ब्रश फिरवला असता तर आज विग लागला नसता," त्या म्हणायच्या.

"तुझ्यासाठीच तर केलं ते," सासरे शांतपणे सांगायचे. सासूबाई संस्थेच्या बीज विभागात होत्या. दिवसभर ताटात बी पसरून, चिरलेलं नजरेनं टिपून वेगळं काढायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम.

"माझ्यासाठी म्हणे! मी निवृत्त झाले तेव्हा तुमचा एकच रूळ फिरत होता. दुसरा फिरेपर्यंत माझ्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली दोन्ही."

सासऱ्यांच्या यंत्राला यादीत येऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकाही कंपनीनं विचारलं नव्हतं. मोठ्या बियाणे कंपन्यांकडे कॅमेऱ्यानं दाणा पारखणारी यंत्रं आली होती. लहान दुकानदारांना हे यंत्र आहे हेच ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी ती घरी आली, की सासरे वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारायचे, "काही?" आणि ती म्हणायची, "आज नाही, बाबा." त्या 'आज'वर ती नेहमी थोडा जोर द्यायची.

शेवटी तिला राहवलं नाही. यादी नव्यानं छापायची वेळ आली तेव्हा सासऱ्यांच्या पानावर तिनं एक वाक्य रुंद केलं. आधी होतं, 'चिरलेलं बी वेगळं करण्यासाठी.' तिनं लिहिलं, 'बी किंवा बीसारखी कोणतीही वस्तू पारखण्यासाठी.' तिच्या धंद्यात हे सगळेच करतात. जाळं जितकं मोठं तितका मासा लागण्याचा संभव जास्त. सासऱ्यांना तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे तिला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

मासा लागला. औषधाच्या गोळ्या करणाऱ्या एका कंपनीचे साहेब आले, दालनात यंत्र पाहिलं, खिशातून मूठभर गोळ्या काढून वरून सोडल्या. टवका उडालेल्या गोळ्या टपाटप बाजूला पडल्या. साहेबांचा चेहरा उजळला.

"आम्हाला हवंय," ते म्हणाले. "पण पूर्ण हवंय. सगळ्या वापरांचा परवाना, फक्त आम्हालाच. दुसऱ्या कुणी हे यंत्र कशासाठीही करायचं नाही."

"बियांसाठीही नाही?"

"बियांसाठी कुणी केलं, तर आमचे प्रतिस्पर्धी तेच यंत्र विकत घेऊन त्यात गोळ्या घालतील. नाही का? आम्ही काय मूर्ख आहोत?"

ते मूर्ख नव्हतेच. संचालकांनाही ते पटलं. "हे बघा," संचालक तिला म्हणाले, "मला यादी झाडायची आहे. पेटंट जिवंत ठेवायला दरवर्षी शुल्क भरावं लागतं, आणि ज्याला कुणी विचारत नाही त्याच्यावर ते का भरत राहायचं, याचं मला वर उत्तर देता येण्यासारखं नाही. यांना द्या, नाहीतर या वर्षी ते आपण सोडून देऊ. दालनातलं यंत्र भंगारात जाईल. तुमचे सासरे आहेत म्हणून आधीच सांगतो, मनाला लावून घेऊ नका. त्यांची सही तेवढी आणा."

संशोधकाची सही लागे, हा संस्थेचा जुना नियम होता.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी "काही?" म्हटलं, आणि ती म्हणाली, "हो, बाबा."

वर्तमानपत्र खाली आलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. एक गोष्ट सोडून.

"गोळ्या?" सासरे म्हणाले.

"औषधाच्या, बाबा. चांगलं काम आहे. फुटकी गोळी रोग्याच्या हातात जाऊ नये म्हणून..."

"चांगलंच आहे. वाईट कुठं म्हणतोय मी? पण मग बियांचं?"

"बियांसाठी कुणालाच करता येणार नाही."

"म्हणजे ते एका कारखान्याच्या चार भिंतींत जाऊन बसणार." त्यांनी चष्मा काढून पुसला. "यात गोळ्या चालतात असं त्यांना सांगितलं कुणी?"

"यादीत वाचलं असेल काहीतरी," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला आत गेली.

जेवताना नवऱ्यानं भीत भीत "बाबा, निदान कुणीतरी वापरेल तरी" असं म्हणून पाहिलं. त्यावर सासूबाईंनी त्याच्या ताटात न मागता भात वाढला. गप्प बस असं सांगायची त्यांची ती जुनी रीत होती.

सकाळी ब्रश फिरवून झाल्यावर सासरे म्हणाले, "सही करीन की नाही ते नंतर. त्यांचा कारखाना मला बघायचाय. जिथं मुलगी द्यायची ते घर आधी बघतात."

कंपनीनं गाडी पाठवली. वाटेत ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिला काहीच दिसत नव्हतं. घरून निघताना तिनं मनाशी ठरवलं होतं, की कारखाना यायच्या आत सांगायचं. रस्ता निम्मा सरला तेव्हा ती त्यांच्याकडं वळली.

"बाबा, ते वाक्य मी लिहिलं."

"कुठलं?"

"बीसारखी कोणतीही वस्तू. तुम्ही फक्त बी म्हटलं होतं. मी तुम्हाला न विचारता वाढवलं. परवा विचारलंत तेव्हाही मी धड उत्तर दिलं नाही."

सासऱ्यांनी चष्मा वर सरकवला.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "नवी यादी आली त्याच दिवशी वाचलं मी. तुझ्या नवऱ्याकडून पान छापून आणलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? कुणी येत नव्हतं." ते स्वतःशीच हसले, पण त्या हसण्यात आनंद नव्हता. "म्हटलं, असू दे. बघू या कुणी येतं का. तू माझ्यासाठी केलंस, आणि मी माझ्यासाठी गप्प बसलो. तेव्हा एकट्यानं डोक्यावर ओझं घेऊ नकोस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागावले असते तर एवढं आलं नसतं.

कारखान्यात त्यांना पांढरे झगे, टोप्या आणि बुटांवरची कव्हरं चढवायला लावली. आत कडक उजेड होता. एका लांब पट्ट्यावरून गोळ्या संथपणे पुढे सरकत होत्या आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका उंच स्टुलांवर बसल्या होत्या. नजर खाली, दोन बोटं तयार. टवका दिसला की टिप, बाजूच्या वाटीत. सासरे एकीच्या मागं जाऊन उभे राहिले, आणि उभेच राहिले. तिला वाटलं, त्यांना इथं ताटात पसरलेलं बी दिसत असणार.

"दिवसभर हेच?" त्यांनी विचारलं.

"दिवसभर, काका." बाई नजर न हलवता बोलली. चष्म्याची काच चांगलीच जाड होती. "घरी तांदूळ निवडायला बसले की पोरं हसतात. म्हणतात, आई, इथं पगार नाही, जरा हळू."

"डोळे दुखतात?"

"दुखतात म्हणजे काय? संध्याकाळी भिंतसुद्धा सरकताना दिसते." तिनं आणखी एक गोळी टिपली. "तुम्हीच का ते मखमलवाले? तुमचं यंत्र येणार म्हणतात."

"आलं तर काय होईल?"

"डोळ्यांना आराम पडेल." ती थोडं थांबली. "आणि अख्ख्या बाईलाच पडेल, घरी बसून, अशी भीती आहे."

शेजारची हसली. तीही हसली. सासरे हसले नाहीत.

पुढं बोलणी साहेबांच्या खोलीत झाली. टेबलावर करार तयार होता. सासऱ्यांनी तो वाचलाच नाही.

"त्या बायकांचं काय?" त्यांनी विचारलं.

"त्यांना पॅकिंगला घेऊ. म्हणजे, बहुतेक. ते खातं माझ्याकडं नाही."

"यंत्र चालवायला माणसं लागतील. कापड कधी बदलायचं, विंचरायचं कसं, उतार किती ठेवायचा, हे हाताला समजावं लागतं. गोळ्यांची पूड बसली की मखमल निजते, मग ती काही पकडत नाही. कागदावरून हे यायचं नाही तुमच्या लोकांना."

"म्हणून तर प्रशिक्षण करारात आहे. तुम्हीच द्यायचं आहे ते."

"देईन. पण त्यांनाच देईन. पट्ट्यावरच्या बायकांना. दुसऱ्या कुणाला शिकवणार नाही."

साहेब तिच्याकडं बघायला लागले, घरच्या माणसानं म्हाताऱ्याला समजवावं तसं. तिनं मान हलवली नाही.

"बरं," ते नाइलाजानं म्हणाले. "त्याचं बघतो मी. कोण शिकतंय यानं आम्हाला फरक पडत नाही. तेवढी सही..."

"आणि गोळ्यांचं तुम्ही न्या. बियांचं आमच्याकडं राहू दे."

"काका, तेच तर जमणार नाही! मी आधीच स्पष्ट केलंय. आणि रागावू नका, पण ठेवून करणार काय तुम्ही? इतक्या वर्षांत कुणी आलं?"

प्रश्न खोटा नव्हता. सासऱ्यांचे हात टेबलावर होते, आणि मखमल विंचरावी तशी बोटं आपोआप एका दिशेनं सरकत होती.

आता तिनं बोलायला हवं होतं, हे तिला कळत होतं. संचालकांनी सांगून ठेवलं होतं, पूर्ण द्या, नाहीतर सोडा. मधलं काही त्यांनी तिच्या हातात दिलेलं नव्हतं. कंपनी उठून गेली तर यंत्र भंगारात जाणार होतं, आणि त्याचं खापर तिच्या डोक्यावर फुटणार होतं. तिनं खुर्ची पुढं ओढली.

"तुमची भीती बियांची नाहीच," ती म्हणाली. तिचा आवाज एरवीही कधी चढत नसे, आताही चढला नाही. "तुमची भीती ही, की बियांच्या नावाखाली कुणी यंत्र घेईल आणि तुमच्या प्रतिस्पर्ध्याला विकेल. खरं ना?"

"खरं."

"मग बियांचा परवाना ज्याला देऊ, त्याच्या करारात आम्ही अट घालू. औषधाच्या कारखान्याला विकायचं नाही. विकलं तर परवाना रद्द. तुम्हाला हवं ते संरक्षण मिळालं. मग वाटाण्याशी तुमचं काय वैर आहे?"

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"मग आम्ही पूर्ण परवान्याची किंमत देणार नाही."

"नका देऊ. गोळ्यांची द्या."

"तुमचे संचालक याला तयार आहेत?"

"त्यांना मी अजून विचारलेलं नाही," ती म्हणाली.

तिला खोटं बोलता आलं असतं, पण त्या गाडीतल्या प्रवासानंतर तिला ते नको होतं. साहेब अचानक मोकळेपणानं हसले. "निदान खरं बोलता. ठीक आहे. मी वर विचारतो, तुम्ही तुमच्या वर विचारा. बघू कुणाची जास्त खरडपट्टी निघते."

तिची जास्त निघाली. संचालक चांगलेच तापले. सासऱ्यांचं आहे म्हणून तुम्ही संस्थेचं नुकसान करताय, हेही बोलून झालं. ते तिला लागलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं. तिनं ऐकून घेतलं. मग कंपनीचा होकार समोर ठेवला आणि सांगितलं, की गोळ्यांचे पैसे येतील त्यातून पेटंटचं शुल्क दरवर्षी सुटेल, संस्थेला पदरचं काही घालावं लागणार नाही. संचालकांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे गोळ्यांनी बियांना पोसायचं."

"हो, साहेब."

"आणि पोसून घेणारी मुलगी यादीतच बसून राहिली तर?"

"राहिली तर राहिली. दार बंद झालेलं नसेल."

सही झाली. सासऱ्यांनी सही केली तेव्हा त्यांचा चेहरा ना खूश दिसला ना कष्टी. रोजचं काम करताना दिसतो तसाच दिसला.

प्रशिक्षण सुरू झालं. सासरे सकाळी ब्रशचा नेम उरकून कंपनीच्या गाडीत बसायचे आणि संध्याकाळी बाह्यांवर पांढरी पूड घेऊन परतायचे. आता वर्तमानपत्र तसंच पडून राहायचं. जाड चष्म्याच्या बाईचा हात सगळ्यांत चांगला आहे, तिनं उतार स्वतः शोधून काढला, बाकीच्या फार घाई करतात, असं जेवताना चालायचं. दोघींना मात्र कंपनीनं पॅकिंगलाही घेतलं नाही, घरी पाठवलं. हे सांगितलं त्या दिवशी सासरे ताटावरून लवकर उठून गेले.

"माझं काम वाचवायला यंत्र केलं, ते मी घरी बसल्यावर झालं," सासूबाई म्हणाल्या. "आणि आता जाऊन दुसऱ्या बायकांचं वाचवतायत. अर्धंमुर्धं." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सासऱ्यांचा डबा भरताना मूठभर भात जास्त घातला.

जिन्याखाली, तिच्या टेबलावर, बियांचं पान तसंच होतं. ती आता वाट बघत बसत नसे. रोज एका बियाणं विकणाऱ्याला फोन करायची. कुणी 'नंतर बघू' म्हणायचं, कुणी मध्येच फोन ठेवायचं, एकानं तर ती विमा विकते आहे असं समजून तिलाच चांगलं ऐकवलं.

मग एक दिवस एक माणूस खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात कापडी पिशवी. जाड चष्म्याच्या बाईचा तो धाकटा दीर. बाजारात बियांचं लहानसं दुकान. वहिनीनं सांगितलं म्हणून आलो, म्हणाला, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच हात झटकले. "परवाना-बिरवाना मला कळत नाही. मी ठरवलंय असंही नाही."

"हरकत नाही."

"आधी माझ्या बियांवर चालवून दाखवा. तुमच्या ठेवणीतल्या नको."

सासरे त्या दिवशी कारखान्यात होते. त्यांना बोलवावं का, असं तिच्या मनात आलं, पण ती बोलवायला गेली नाही. दालनात जाऊन तिनं मखमल एका दिशेनं विंचरली, स्क्रू थोडा सैल केला आणि हँडल धरलं. त्या माणसानं पिशवीतून मूठभर वाटाणे वर सोडले. धड दाणे घळीतून घसरत निघाले. मध्येच एकाची चीर कापडाला लागली. तो अडखळला, वळला, आणि मखमलीवर चढून हळूच बाजूच्या पन्हळीत पडला. माणसानं तो उचलला, उजेडाशी धरून बघितला. चीर केसाएवढी होती.

त्यानं पिशवीत पुन्हा हात घातला.

"आणखी एकदा फिरवा," तो म्हणाला.

तिनं फिरवलं.